कडक केलेला इन्सर्ट महिन्याने वाढतो, पंच आधी दबतो मग तुटतो: उरलेल्या ऑस्टेनाइटचा माग कसा काढायचा

"साहेब, तुमचा इन्सर्ट बसत नाही हो. मागच्या महिन्यात तर गुळगुळीत बसत होता."

असा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा येतोच. (इन्सर्ट म्हणजे डायच्या, म्हणजे साच्याच्या, खाचेत बसवायचा सुटा तुकडा.) पुण्याजवळच्या भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे स्टील तापवून-गार करून कडक करायच्या, धंद्यात बावीस वर्षं काढल्यावर पुढचं भांडणही पाठ झालंय. ग्राइंडिंगवाला म्हणतो हार्डनिंग चुकलं, हार्डनिंगवाला म्हणतो स्टील भेसळीचं, आणि स्टीलवाला फोन उचलत नाही. खरा दोषी बहुतेक वेळा जॉबच्या, म्हणजे कामाला आलेल्या तुकड्याच्या, पोटातच बसलेला असतो: क्वेंचनंतर (तापलेलं स्टील तेलात वगैरे झटकन गार केल्यावर) मार्टेन्साइट, म्हणजे स्टीलची कडक रचना, न होता तसाच राहिलेला ऑस्टेनाइट, म्हणजे तापलेल्या स्टीलची मऊ रचना. आमच्याकडे सगळे त्याला 'आरए' (रिटेन्ड ऑस्टेनाइट) म्हणतात, मीही पुढे तेच म्हणतो.

हे लिहितोय ते मुख्यतः एचसीएचसीआर (जास्त कार्बन, जास्त क्रोमियमचं टूल स्टील) म्हणजे डी-२ च्या डाय-पंचसाठी; पंच म्हणजे प्रेसवर पत्र्यात भोक पाडणारा किंवा पत्रा कापणारा भाग. ओएचएनएस (तेलात कडक होणारं टूल स्टील) आणि ईएन-३१ (बेअरिंगचं स्टील) यांना बरंचसं लागू पडेल. कार्बुराइज केलेल्या (पृष्ठभागात कार्बन मुरवलेल्या) गिअरचं थोडं वेगळं आहे, ते मधे येईल.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसली तर पुढे वाचा. एकच दिसलं तर आधी दुसरी कारणं शोधा.

- ६० एचआरसी (रॉकवेल यंत्रावरचा कडकपणाचा आकडा) मागितलं आणि ५६-५७ च्या वर काटा जातच नाही, पण कानस मारली तर घसरते. कानसीला कडक, रॉकवेलला मऊ.
- फायनल ग्राइंडिंगला माप बरोबर होतं, पंधरा दिवस ते महिनाभरात २०-३० मायक्रॉनने वाढलं.
- ग्राइंडिंग करताना किंवा दुसऱ्या दिवशी पृष्ठभागावर केसासारख्या बारीक चिरांची जाळी.
- पंचची धार सुरुवातीला किंचित दबते, तोंड फुगल्यासारखं होतं, आणि मग तिथूनच टवका उडतो. मऊ असेल तर तुटायला नको आणि ठिसूळ असेल तर दबायला नको, म्हणून लोक गोंधळतात.
- प्रेसवर सरळ केलेला शाफ्ट किंवा लांब पिन आठवड्याने परत वाकलेली.
- कोटिंगला दिलेला पंच माप वाढवून परत आला.

पोटात नेमकं काय चालतं

तापलेल्या भट्टीत स्टील ऑस्टेनाइट असतं. गार करताना एका तापमानाला मार्टेन्साइट बनायला सुरुवात होते, त्याला एमएस म्हणतात. इथून पुढे तुम्ही किती वेळ थांबलात याला फारशी किंमत नाही, किती खाली उतरलात याला आहे. कार्बन जास्त असलेल्या स्टीलमध्ये हा बदल पुरा व्हायचं तापमान शून्याच्याही खाली जातं. म्हणजे तुम्ही तेलातून काढलेला जॉब हातात घेता तेव्हा त्याचं क्वेंच खरं तर अर्धवटच झालेलं असतं.

१९५९ मध्ये कोइस्टिनेन आणि मारबर्गर या दोघांनी यासाठी एक साधं समीकरण दिलं. ते साध्या कार्बन स्टीलवरून काढलेलं आहे, डी-२ ला तंतोतंत बसेल असं नाही, पण अंदाज छान देतं. एमएस २०० अंश धरा. ७० अंशांवर जॉब थांबला तर साधारण २४ टक्के ऑस्टेनाइट उरतो. ४५ ला १८, २५ ला १५ टक्के. उणे ८० पर्यंत नेला तर ५, आणि द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ ला जेमतेम एक-सव्वा टक्का. आमच्या शॉपमध्ये मे महिन्याचा आणि डिसेंबरचा जॉब वेगळा का निघतो, ते या आकड्यांत दिसतं.

आता आकारमान. ऑस्टेनाइटमध्ये अणू दाटीवाटीने बसलेले असतात, मार्टेन्साइटमध्ये सैल. बदल झाला की आकारमान साधारण ४ टक्क्यांनी वाढतं. लांबीच्या हिशोबात सांगायचं तर १०० मिलिमीटरच्या जॉबमध्ये फक्त १ टक्का आरए उलटला तरी १३ मायक्रॉन वाढतात. तो ३० मायक्रॉन वाढलेला इन्सर्ट घ्या: आत जेमतेम दोन-अडीच टक्के आरए बदललाय. एवढासा फरक मायक्रोस्कोपखाली कुणालाही दिसणार नाही, तरी डाय अडकतो.

तपासणी, फुकटातलीपासून

सगळ्यात आधी जॉब २० अंशांच्या खोलीत रात्रभर ठेवा आणि सकाळी मोजा. हसू नका. ग्राइंडरवरून नुकता उतरलेला जॉब दहा अंशांनी गरम असेल तर १०० मिलिमीटरला ११ मायक्रॉन फुकटात जास्त दिसतात. 'वाढलेला' म्हणून आलेले जॉब मी मोजून, काही न करता, आहेत त्याच मापात परत पाठवलेत. मोजणारा मायक्रोमीटर तोच होता का, आणि मागच्या वेळी कुणी मोजलं होतं, हेही विचारा.

माप खरंच वाढलेलं असेल तर रॉकवेलकडे वळा. तीन-चार ठिकाणी ठसे घ्या. मग एका न लागणाऱ्या कोपऱ्यावर ०.२ ते ०.३ मिलिमीटर, कुलंटची (गार करणाऱ्या द्रवाची) धार सोडत, हळू ग्राइंड करा आणि तिथे परत ठसा घ्या. आत गेल्यावर कडकपणा वाढला तर वरचा थर डीकार्ब झालेला आहे, म्हणजे त्यातला कार्बन उडालाय, आरएचा विषय नाही, भट्टीचं वातावरण बघा. आतही तेवढाच मऊ असेल तर तीन शक्यता उरतात: भट्टीत कमी तापला, टेंपरिंग (कडक केल्यावर ठिसूळपणा घालवायला परत तापवणं) जास्त झालं, किंवा आरए जास्त आहे. या तिघांना वेगळं करायची युक्ती पुढे बर्फाजवळ सांगतो.

चुंबक लावून बघण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकून सोडून द्या. ऑस्टेनाइटला चुंबक लागत नाही हे खरं, पण ८० टक्के मार्टेन्साइट असलेल्या जॉबला तो चिकटणारच. तुमच्या बोटांना तो फरक कळायचा नाही.

चिरा असतील तर ग्राइंडिंगचा दोष आणि आरएचा दोष वेगळा करायला हवा. घासलेला भाग स्पिरिटने पुसून त्यावर नायटल लावा. नायटल म्हणजे अल्कोहोलमध्ये ३-४ टक्के नायट्रिक ॲसिड. हातमोजे घाला, आणि उरलेलं बाटलीत बूच घट्ट लावून ठेवू नका. काळपट डाग उठले तर तिथे ग्राइंडिंगच्या उष्णतेने जास्तीचं टेंपरिंग झालंय. पांढरे ठिपके आणि भोवती काळी कड दिसली तर तिथे स्टील परत कडक झालंय, म्हणजे चाक फारच तापलं. एक मात्र लक्षात घ्या: आरए जास्त असलेला जॉब ग्राइंडिंगची हलकी चूकही खपवून घेत नाही. चाकाच्या उष्णतेने आणि दाबाने वरचा ऑस्टेनाइट उलटतो, ताजं, टेंपर न झालेलं मार्टेन्साइट होतं, फुगतं आणि चिरतं. त्यामुळे दोष दोघांचा निघाला तर आश्चर्य मानू नका.

टेंपरिंगचा कागद मागा

इथे सगळ्यात जास्त जॉब सापडतात, म्हणून यावर वेळ घालवा.

जॉब कार्डवर 'टेंपरिंग ५१० अंश' एवढंच लिहिलेलं असतं. किती वेळा केलं ते नसतं. साध्या कार्बन स्टीलमध्ये आरए २०० ते ३०० अंशांच्या टेंपरिंगमध्ये मोडतो. डी-२ मध्ये क्रोमियम त्याला धरून ठेवतं, तो ५०० च्या आसपासपर्यंत टिकतो. त्या तापमानाला त्यातून कार्बाइड (कार्बन आणि धातूचे कडक कण) बाहेर पडतात, ऑस्टेनाइटमधला कार्बन कमी होतो, एमएस वर सरकतं, आणि जॉब गार होताना ऑस्टेनाइट मार्टेन्साइट होतो. म्हणजे पहिल्या टेंपरिंगनंतर गार झालेल्या जॉबमध्ये नवं, कच्चं मार्टेन्साइट तयार झालेलं असतं, आणि त्याला टेंपर कुणी केलेलंच नसतं. एकदाच टेंपर केलेला पंच म्हणजे आत काचेचे तुकडे पेरलेला पंच. त्याला दुसरं टेंपरिंग हवंच. तापमान ५०० च्या वर असेल तर मी तिसरंही करतो.

दोन टेंपरिंगच्या मधे जॉब पूर्ण गार झाला होता का? हा प्रश्न नक्की विचारा. चाकणच्या एका टूलरूमचा पंच माझ्याकडे आला होता, कागदावर तीन टेंपरिंग, प्रत्येक दोन तासांचं. तरी टवके. भट्टीचा ग्राफ मागवला तर रेघ एकदाही १५० च्या खाली गेलेली नव्हती. घाईत पोरांनी दार उघडून, थोडं थांबून, परत तापवलेलं. बदल व्हायला जॉब खाली उतरावा लागतो, तो उतरलाच नाही, मग तीन टेंपरिंगचा उपयोग एका टेंपरिंगएवढाच. मोठा ब्लॉक असेल तर बाहेरून गार लागतो आणि मधे गरमच असतो. आमच्याकडे नियम साधा आहे: उघडा पंजा ब्लॉकवर ठेवून दहापर्यंत आकडे मोजता आले पाहिजेत, आणि दहा मिनिटांनी परत मोजता आले पाहिजेत.

१८०-२०० अंशांवर टेंपर केलेला डी-२ ही वेगळी जात. कडकपणा ६०-६१ मिळतो, धार छान टिकते, पण आरए जवळजवळ सगळा तसाच राहतो. असा पंच प्रेसवर ठोके खात बसला की धारेजवळचा ऑस्टेनाइट दाबाने उलटतो. लक्षणांत लिहिलेलं 'आधी दबतो मग तुटतो' ते हेच. ऑस्टेनाइट मऊ, कमी ताणाला हार मानतो, म्हणून धार दबते. दबताना तो मार्टेन्साइट होतो, कच्चं आणि कार्बनने भरलेलं, म्हणून पुढच्या ठोक्यांना तुटतो. सरळ केलेला शाफ्ट परत वाकतो त्यातही हाच मऊपणा असतो: आरए असलेलं स्टील लवकर कायमचं वाकतं, मग आतले ताण हळूहळू जागा बदलतात.

कोटिंगचं कोडंही इथेच सुटतं. टायटॅनियम नायट्राइडसारखं पीव्हीडी (निर्वातात वाफेतून बसवलेलं) कोटिंग नेहमी ४०० ते ५०० अंशांच्या आसपास होतं. २०० ला टेंपर केलेला पंच त्यात टाकला तर तो कोटिंगच्या भट्टीतच टेंपर होणार आणि माप हलणार. कोटिंगवाल्याशी भांडू नका. कोटिंगला किंवा वायरकटला (तारेच्या ठिणग्यांनी कापायला) जाणारा डी-२ सुरुवातीलाच ५०० च्या वर टेंपर करून घ्या. कमी टेंपरिंगच्या जाड ब्लॉकला वायरकटवर मधूनच तडा गेल्याचा फटाक्यासारखा आवाज ज्याने एकदा ऐकलाय, तो हे विसरत नाही.

क्वेंच कुठे थांबवलं

पिंपरी-चिंचवड पट्ट्यात गुरुवारची सुट्टी असते. बुधवारी रात्री दुसऱ्या पाळीत जॉब तेलातून निघतो, ऑपरेटर म्हणतो टेंपरिंग शुक्रवारी सकाळी बघू. यात दोन नुकसानं होतात. एक, कच्चं मार्टेन्साइट घेऊन जॉब छत्तीस तास बसतो आणि कोपऱ्यातून तडकू शकतो. दुसरं, जे लोकांना माहीत नसतं: खोलीच्या तापमानाला पडून राहिलेला ऑस्टेनाइट हट्टी होतो. त्याचं स्थिरीकरण होतं. मग नंतर तुम्ही त्याला उणे ८० ला नेलं तरी जेवढा उलटायला हवा तेवढा उलटत नाही. बुधवारच्या जॉबना शुक्रवारी सबझिरो (शून्याच्या बरंच खाली गार करणं) देऊन फरक पडत नाही अशी तक्रार आली तर मी आधी वार विचारतो.

जॉब ५० ते ६० अंशांपर्यंत उतरला की लगेच टेंपरिंगला. सबझिरो करायचं असेल तर खोलीच्या तापमानापर्यंत उतरवून त्याच पाळीत. तेलाच्या टाकीला थर्मामीटर आहे का तेही बघा. सलग चार लोड टाकल्यावर तेल ८० ला जाऊन बसतं, आणि त्यातून काढलेला जॉब 'क्वेंच झाला' म्हणून टेंपरिंगच्या भट्टीत जातो. वरचे आकडे परत वाचा.

बर्फाची परीक्षा

कारण नक्की करायला हा माझा आवडता उपाय आहे, आणि तो मायक्रोपेक्षा (मायक्रोस्कोपच्या तपासणीपेक्षा) स्वस्त. पुरवठादाराकडून ड्राय आइस आणा. जॉबबरोबरच हार्डनिंग झालेला एखादा तुकडा घ्या, जॉब स्वतः नको. तुकड्याची लांबी मायक्रोमीटरने आणि कडकपणा रॉकवेलवर टिपून ठेवा. थर्मोकोलच्या डब्यात ड्राय आइसचा चुरा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलं की उणे ७० च्या खाली आंघोळ तयार होते. तुकडा त्यात तासभर ठेवा, मग बाहेर काढून हवेवर खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि परत मोजा.

- कडकपणा एक ते तीन अंकांनी वाढला आणि लांबीही वाढली: आरए होता. चोर सापडला.
- काहीच हललं नाही: भट्टीत कमी तापला किंवा जास्त टेंपर झाला. आरएचा पाठलाग इथेच सोडा.
- किंचित हललं, पण तक्रारीएवढं नाही: आरए आहे पण स्थिर झालाय, किंवा जोडीला दुसराही दोष आहे.

अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे हा प्रयोग भट्टीपासून लांब, उघड्यावर करा. डब्याला झाकण घट्ट लावू नका, वायूने फुटेल. बंद खोलीत नको, कार्बन डायऑक्साइड जड असतो, खाली साठतो आणि माणूस गुदमरतो. उघड्या हाताने ड्राय आइसला हात लावू नका, चटका भाजल्यासारखा बसतो.

भट्टी खरं बोलते का

बर्फाने आरए नक्की केला आणि टेंपरिंग, क्वेंच दोन्ही नीट होती, तर भट्टी जास्त तापतेय. डी-२ साठी १०१० ते १०३० अंश पुरेसे असतात. तिथे त्यातली बरीच क्रोमियम कार्बाइड न विरघळता राहतात, आणि राहायलाच हवीत. १०७०-१०८० ला गेलात की जास्त कार्बाइड विरघळतात, ऑस्टेनाइटमध्ये जास्त कार्बन आणि क्रोमियम शिरतं. विरघळलेल्या दर ०.१ टक्का कार्बनमागे एमएस सुमारे ४० अंशांनी खाली येतं. म्हणजे आरए वाढतो, कधी दुप्पट. काही जण मुद्दाम एवढं तापवतात, ५२० च्या टेंपरिंगला कडकपणा टिकावा म्हणून. ते चालतं, पण मग तीन टेंपरिंगला पर्याय नाही. १०७० ला तापवून २०० ला टेंपर करणं ही मात्र आत्महत्या.

भट्टीचं तापमान मोजणारा जुना थर्मोकपल कमी दाखवायला लागला तर कंट्रोलर १०२० म्हणतो आणि आत १०५० असतं. दुसरा, नुकताच कॅलिब्रेट केलेला थर्मोकपल जॉबच्या शेजारी ठेवून एक फेरी काढा. खर्च होतो, भट्टी अर्धा दिवस अडते, पण इथे फरक सापडला तर महिन्याभराच्या सगळ्या तक्रारींचा उलगडा होतो.

गिअरवाल्यांसाठी दोन वाक्यं. २० एमएनसीआर ५ सारख्या स्टीलमध्ये आरए येतो तो कार्बुरायझिंगच्या कार्बन पोटेन्शियलमधून, म्हणजे भट्टीतला वायू पृष्ठभागाला किती कार्बन देऊ शकतो त्यातून. पृष्ठभागावर ०.८ च्या जागी १.१ टक्का कार्बन गेला तर थर मऊ लागणारच. हे मोजणाऱ्या प्रोबवर विश्वास ठेवू नका, पोलादी पातळ शिम (पट्टी) भट्टीत टाकून तिचं वजन किती वाढलं ते काढा आणि प्रोबशी ताडून बघा.

मायक्रो आणि एक्स-रे

मायक्रोस्कोपखाली मार्टेन्साइटच्या सुयांमधले पांढरे ठिपके म्हणजे आरए. पण १०-१५ टक्क्यांच्या खालचा आरए डोळ्यांना नीट दिसत नाही. रिपोर्टमध्ये 'आरए आढळला नाही' असं असेल तर त्याचा अर्थ 'शून्य आहे' असा घेऊ नका. अचूक आकडा हवा तर एक्स-रे डिफ्रॅक्शन. ते दोन-चार टक्क्यांपर्यंतही पकडतं. पैसे लागतात, म्हणून वरचं सगळं झाल्यावरच.

सगळाच काढून टाकायचा का?

नाही. आणि इथे मी आमच्या धंद्यातल्या बऱ्याच लोकांशी सहमत नाही, जे 'सबझिरो केलं' असं अभिमानाने लिहितात आणि जास्तीचे पैसे घेतात.

ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होणं हीच गोष्ट एका स्टीलला मजबूत करते आणि दुसऱ्याला मारते. १९६७ मध्ये झॅके आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'ट्रिप' हे नाव वापरलं: ताणल्यावर होणाऱ्या बदलामुळे येणारा, न तुटता लांबण्याचा गुण. आज गाडीच्या बॉडीत वापरतात त्या ट्रिप पत्र्यांत मुद्दाम १०-१५ टक्के ऑस्टेनाइट राखून ठेवलेला असतो. सिलिकॉन घालून कार्बाइड होऊ देत नाहीत, कार्बन ऑस्टेनाइटमध्येच कोंडतात, म्हणून तो स्थिर राहतो. पत्रा ताणला की जिथे मान बारीक व्हायला लागते तिथेच ऑस्टेनाइट उलटतो, ती जागा कडक होते आणि ताण शेजारी सरकतो. पत्रा तुटण्याआधी जास्त लांबतो. अपघातात शक्ती शोषायला तेच हवं असतं.

फरक आहे तो भोवतीच्या गादीत. पत्र्यात ऑस्टेनाइटच्या भोवती मऊ फेराइट (जवळजवळ कार्बन नसलेलं लोखंड) असतं, नवं मार्टेन्साइट फुगलं तरी ते सामावून घेतं. डी-२ च्या पंचमध्ये चहूबाजूंनी आधीच ताठर मार्टेन्साइट आणि कार्बाइड. फुगायला जागा नाही, मग चीर. शिवाय स्थिरताही मोजली पाहिजे: पहिल्याच ठोक्याला उलटणारा ऑस्टेनाइट निरुपयोगी, जरा ताण खाऊन मग हळूहळू उलटणारा कामाचा.

गिअर आणि बेअरिंग यांच्या मधे येतात. कार्बुराइज केलेल्या दातावर १५ ते २५ टक्के आरए बरेचदा चालतो, उलट तो दातांना एकमेकांशी जुळवून घ्यायला मदत करतो. वंगणात कचरा येणाऱ्या बेअरिंगमध्ये ठशाच्या कडेला ताण कमी होतो म्हणून जास्त आरए मुद्दाम ठेवणारे उत्पादक आहेत. पण तेच बेअरिंग १५० अंशांवर चालणार असेल तर आरए उलटून माप वाढेल, म्हणून तिथे जास्त तापमानाला स्थिर केलेलं बेअरिंग मागवतात.

आणि ईएन-२४ च्या शाफ्टचा आरए काढायला कुणी ३०० अंशांचं टेंपरिंग सुचवलं तर थांबवा. मध्यम कार्बनच्या स्टीलमध्ये २५० ते ४०० च्या पट्ट्यात मार्टेन्साइटच्या पट्ट्यांमधला पातळ ऑस्टेनाइट मोडतो आणि त्याच जागी कार्बाइडची कड तयार होते. आरए गेला, पण शाफ्ट ठिसूळ झाला. एकतर २०० च्या खाली राहा, नाहीतर सरळ ५०० च्या वर जा.

दुरुस्ती

जॉबमध्ये चीर नसेल तर आधी परत टेंपरिंग. १०२० ला कडक केलेला डी-२ ५१० च्या आसपास दोनदा टेंपर केला तर ५७-५९ एचआरसीला बसतो आणि स्थिर होतो. कडकपणा एक-दोन अंक जाईल हे ग्राहकाला आधी सांगा, आणि मापात वाढ होणार म्हणून फायनल ग्राइंडिंगला घासायला जादा माल ठेवा. माप आधीच फायनल असेल तर हा उपाय उपयोगाचा नाही. कडकपणा हवाच असेल तर पुढच्या लॉटला क्वेंचनंतर लगेच सबझिरो, आणि सबझिरोनंतर न चुकता टेंपरिंग. थंड करताना नवं कच्चं मार्टेन्साइट झालेलं असतं, ते तसंच सोडणं हा दुसरा गुन्हा. धारदार कोपरे आणि पातळ-जाड भाग असलेल्या जॉबला मी आधी १५० अंशांचं हलकं टेंपरिंग देतो. त्याने थोडा ऑस्टेनाइट स्थिर होतो हे मान्य, पण तुटलेल्या जॉबपेक्षा बरं.

परत हार्डनिंग हा शेवटचा उपाय, आणि त्याआधी पूर्ण अनिलिंग हवंच: ८५० ते ९०० च्या दरम्यान तापवून तासाला १०-१५ अंशांच्या वेगाने गार. कडक जॉब सरळ १०२० ला टाकला की दाणे मोठे होतात आणि बरेचदा भट्टीतच तडकतो.

कुठे थांबायचं

चीर दिसली की थांबा. कुठलंही टेंपरिंग चीर भरून काढत नाही. स्टील कुठलं ते नक्की माहीत नसेल तर स्पेक्ट्रो (स्टीलमध्ये कुठले घटक किती ते बघणारी तपासणी) केल्याशिवाय हात लावू नका. द्रव नायट्रोजन हाताळायची सोय आणि हवा खेळती नसेल तर ते काम ज्यांच्याकडे क्रायो चेंबर आहे त्यांना द्या. ब्रेक, स्टिअरिंग, लिफ्टिंग हुक, प्रेशर व्हेसल, विमानाचे भाग: यात स्वतः टेंपरिंग बदलायचा विचारही नको, मेटलर्जिस्टची लेखी मंजुरी घ्या. एकदा परत हार्डनिंग करूनही तीच तक्रार आली तर तिसऱ्यांदा भट्टीत टाकण्याआधी लॅब.

लॅबला तुकडा पाठवताना मात्र काळजी घ्या, नाहीतर रिपोर्ट खोटा येतो. गॅस कटिंगने कापू नका, भरपूर कुलंट सोडून हळू कापा. गरम बेकेलाइट माउंटिंगला साधारण १५० अंश लागतात, त्याऐवजी थंड रेझिनचं माउंटिंग मागा. एक्स-रे फक्त वरच्या काही मायक्रॉनचं वाचतो, आणि घासण्या-पॉलिशनेच तिथला ऑस्टेनाइट उलटलेला असतो, म्हणून वरचा थर इलेक्ट्रोपॉलिशने काढायला सांगा. ग्रेड डी-२ आहे हे आधीच कळवा, त्यातली क्रोमियम कार्बाइड वाचनात लुडबुड करतात. आणि चिठ्ठीवर क्वेंचची तारीख-वेळ, टेंपरिंग किती वेळा, आणि मधे जॉब किती अंशांपर्यंत उतरला, हे तीनही लिहून द्या.